नव्या पेटीचा मुहूर्त

"आपल्या प्रतिष्ठाननी पेटी आजपावत एकदाबी उशिरा पोचेल नही!" विश्वस्तांच्या बैठकीत वना आबा म्हणाले आणि दोन्ही हात टेबलावर असे ठेवले की टेबलालाही ते कबूल करावं लागलं. "मानूस गया, फोन उना, आन् त्याना घरना चहा उकळाना आत आपली पेटी दारात. अख्खा धुळे जिल्हामा अशी सोय कोनाकडे शे? सांगा बरं! आन् आते ही नवी पेटी. अशी गारेगार, की मरेल मानूसलेबी वाटी, दोन दिवस थांबीसन जाऊ."

पुखराजशेठांनी टाळी वाजवली. पेटी त्यांनीच दिली होती. लांबची पोरं येईपर्यंत मयत ठेवायची स्टीलची शीतपेटी, वर काचेचं झाकण, आणि बाजूला लाल अक्षरात रंगवलेलं: 'मातोश्री लाडकुंवरबाई यांच्या वर्षीतपानिमित्त सप्रेम भेट.' मातोश्री ठणठणीत होत्या. आपलं नाव कशावर रंगवलंय, हे त्यांना अजून कोणी दाखवलेलं नव्हतं.

सगळे हसले. आबांची मुलगी सारिका हसली नाही. तिची नजर हॉलच्या मागच्या भिंतीतल्या कोठीच्या दाराला चिकटली होती. दारामागं ती नवी पेटी होती. पेटी चालू होती. आणि पेटीत आमरसाचे कॅन होते.

तिनंच ठेवले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात आलेल्या सगळ्या माहेरवाशिणींना प्रतिष्ठानतर्फे रस-पोळीचं जेवण असायचं, आणि यंदा ती जबाबदारी सारिकानं आबांकडून मागून घेतली होती. काल संध्याकाळी आंबे पिळून झाले आणि लाईट गेली. डेअरीवाल्याचा फ्रीज बंद. हवा अशी की भिंतीला हात लावला तर चटका. सकाळपर्यंत रस आंबला असता. गावात जनरेटर एकच, तो प्रतिष्ठानचा, आणि त्या जनरेटरवर गार होणारी वस्तूही एकच. पेटी कोरी होती, अजून कंपनीचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. कॅन घट्ट झाकणाचे. सारिका जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं नीट विचार केला आणि तिला त्यात काहीच चूक सापडली नाही. शिकलेल्या माणसाचं हेच होतं. चूक सापडेपर्यंत गाव गोळा झालेलं असतं.

आत्याला तेवढं सांगितलं होतं. भिकुबाई अक्का, आबांची थोरली बहीण, प्रतिष्ठानची सगळ्यात जुनी विश्वस्त. अक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता आणि म्हणाली होती, "काही वाईट नही करं तू. पन कोनले सांगू नको. समजनं त एक बाई खावाव नही." आणि पहाटे उठून अक्कानं पितरांची घागर कोठीच्या दारासमोर, बरोबर उंबऱ्याला टेकवून मांडली. पाण्यानं भरलेली लाल घागर, तिच्यावर खरबूज. घागरीला निवद दाखवेपर्यंत ती हलवायची नाही, ओलांडायची नाही. आबांच्या कुलपापेक्षा हे कुलूप पक्कं होतं.

"चला, विषय घ्या," भूषण म्हणाला. भूषण आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा आणि प्रतिष्ठानचा सचिव. गळ्यात उपरणं, खिशात दोन मोबाईल, आणि दोन्हीही तो एकदम उचलायचा. "किरणदादानी जागा रिकामी शे. दिवाळीपासून रिकामी शे. आज ती भरू आन् मंग जेवू."

किरण म्हणजे सारिकाचा सख्खा भाऊ. पुण्याला कायमचा गेला आणि राजीनामा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र टाकून. आजोबा झुलाल पाटलांनी सुरू केलेल्या या प्रतिष्ठानात आबांच्या घरातून आता कोणीच उरलं नव्हतं, आबा सोडून. आणि सारिकाला ती जागा हवी होती. तिनं तसं तोंडानं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आबा तिच्याशी फक्त आंब्यांबद्दल बोलत होते.

"मी दिपमालाचं नाव सुचवतो," भूषण म्हणाला. दिपमाला त्याची बायको. "सून शे, गावात राहते, बचत गट चालवते. महिलांना संधी द्यायला पाहिजे, असं सरकार पन म्हनतं."

"सरकारले संधी देवानी शे, तुले घरमा दोन खुर्च्या पायजेल," अक्का म्हणाली.

"अक्का, मी नियमानं बोलून राह्यलो."

"मी बी नियमानंच बोलस. मन्ह मत सारिकाले."

भूषण हसला. त्याचं हसू कायम पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून यायचं. "ताई आमची लाडकीच शे. पन ताईचं गाव जळगाव. लेक म्हनजे परक्या घरचं मानूस. रात्री-बेरात्री कोनी गेलं, पेटी न्यायची, सोबत विश्वस्त पायजे, हा आपला रिवाज. ताई जळगावहून येईल का? तोवर तं मयत स्वतः चालत जाईल."

"महिन्यातून चार वेळा मी येतेच," सारिका म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "आणि भूषण, एक सांग. वर्षातून एकदा आखाजीला मला पाटावर बसवता, ओवाळता, 'माहेरवाशीण, माहेरवाशीण' करता. बाकीचे दिवस मी परक्या घरची? मग एवढा रस तरी कशाला पाजता?"

"रस येगळा, ट्रस्ट येगळा."

या वाक्यावर सारिकाची नजर पुन्हा कोठीच्या दाराकडं गेली. अक्कानं खोकून घेतलं.

"शेठ, तुमचं मत?" भूषणनं विचारलं. मतं चारच. अक्का एकीकडं, भूषण दुसरीकडं. शेठ ज्या बाजूला बसतील तिकडं आबांना मान डोलवायची सोय होती.

पुखराजशेठ घामानं भिजले होते. तसे सगळेच भिजले होते, पण शेठांचा घाम वेगळा दिसत होता. ते सारखे मनगटावरचं घड्याळ बघत आणि मग कोठीच्या दाराकडं बघत. "मी काय म्हणतो आबासाहेब, हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. आज सणाचा दिवस. माझ्या घरी माँसाचं, आईचं, पारणं आहे. मला जरा... जरा मागे जाऊन यायचंय."

"आबा, तुम्ही तरी बोला," सारिका म्हणाली.

आबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, म्हणूनच ते काही बोलत नव्हते.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. आत आला तो तरुण पोरगा अनवाणीच होता, केस विस्कटलेले, अंगात सणाचा नवा शर्ट. नीलेश. पलीकडच्या गावच्या सरपंचाचा पुतण्या.

"आबा, आमना मोठा बाबा गयात," तो आपल्या थोरल्या चुलत्याबद्दल म्हणाला. "आत्तेच. त्यासना दोन्ही पोऱ्या सुरतले शेतस, सांजपावत येतीन. ऊन पाहीच राह्यनात तुम्ही. पेटी पायजे."

पलीकडच्या गावानं आजपर्यंत प्रतिष्ठानकडं साधी सतरंजी मागितली नव्हती. 'यांची पेटी घेण्यापेक्षा बर्फाच्या लाद्या बऱ्या,' असं त्यांचे सरपंच बाजारात बोलले होते, ते आबांच्या कानापर्यंत आलं होतं. आबांच्या चेहऱ्यावर आधी विजय पसरला, मग त्यांना मयताची आठवण झाली आणि तो त्यांनी घाईघाईनं गोळा केला.

"भलतं वाईट व्हयनं," ते म्हणाले. "पन तू काळजी करू नको. नवी पेटी शे. पहिला मान तुम्हना! भूषण, पेटी काढ."

भूषण उठला. अक्का त्याच्या आधी उठली आणि घागरीशेजारी, दाराला पाठ लावून, मांडी घालून बसली.

"घागर हालावाव नही," ती म्हणाली. "निवद व्हयेल नही."

"मंग दाखव ना निवद!"

"रस नही. रस येवू दे."

"रस कुठं शे?"

अक्कानं छताकडं बघितलं. सारिका मनातल्या मनात हिशेब करत होती आणि हिशेब गोल फिरत होता. रस आल्याशिवाय निवद नाही. निवद झाल्याशिवाय घागर हलणार नाही. घागर हलल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि रस दाराच्या आत.

"अक्का, तठे मानूस उन्हात पडेल शे!" भूषणचा आवाज चढला.

"आठे आपला बठ्ठा पितर बशेल शेतस. तुन्हा आजाबी शे त्यासमा. त्याले ओलांडीसन जाशी का? जाय मंग."

भूषणनं एक पाय पुढं टाकला, घागरीकडं बघितलं, आणि मागं घेतला. झुलाल आजोबा जिवंतपणी छडी बाळगायचे.

"मी रस घेऊन येते," सारिका म्हणाली आणि कोणी काही विचारायच्या आत बाहेर पडली.

मांडवात पहिल्या पंगतीच्या बायका बसायला लागल्या होत्या. लिंबाला बांधलेल्या झोक्यावर कुणीतरी आखाजीची गाणी म्हणत होतं. सारिका हॉलला वळसा घालून मागं गेली. कोठीला मागच्या बाजूनं एक खिडकी होती, गजांशिवायची. त्या खिडकीतून दोन पाय बाहेर लोंबत होते. पांढरं धोतर, काळे बूट.

"शेठ?"

पाय गोठले. आतून आवाज आला, "कोण? सारिकाबाई? जरा धक्का द्या. कमरेशी अडकलोय."

तिनं धक्का दिला. शेठ आत पडले. ती मागोमाग चढली. शेठ उठून उपरणं झटकत होते आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हते. पेटीचं झाकण तिनं उघडलं. आमरसाच्या कॅनच्या बाजूला, कापडात गुंडाळलेला एक पितळी डबा होता. तो तिचा नव्हता.

"हे काय?"

"उसाचा रस," शेठ अगदी हळू म्हणाले. "माँसाचं वर्षभराचं तप आज सुटतं. पारण्याला उसाचाच रस लागतो. सकाळी काढला, घरी लाईट नाही, दुपारपर्यंत खराब झाला असता. बर्फ आम्हा जैनांत चालत नाही. मग म्हटलं पेटी तर आपणच दिलीय... मी याच खिडकीतून आलो तेव्हा तुमचे कॅन आधीच होते. मला वाटलं, वा, कोणीतरी आपल्यासारखा विचार करणारा आहे." त्यांनी हात जोडले. "बाईसा, माँसाला कळलं तर ती पुढचं वर्षही उपाशी राहील. आणि मलाही ठेवील."

सारिकाला हसू येत होतं आणि रडूही. बाहेरून भूषणचा आरडाओरडा ऐकू येत होता. अक्का आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना शिव्या देत होती.

"माझ्या नावाला तुमचं मत?" तिनं विचारलं.

"दोन देऊ शकलो असतो तर दोन दिली असती."

दोघांनी मिळून कॅन खिडकीतून उतरवले. वाढपी बायकांनी ते उचलले आणि नेले. कॅन कुठून आले हे कुणी विचारलं नाही. पंगत बसलेली असताना वाढणारा माणूस फक्त पुढचं ताट बघतो. शेठ डबा पोटाशी धरून घराकडं पळाले आणि विश्वास बसणार नाही इतक्या लवकर परत आले.

सारिका वाटीत रस घेऊन पुढच्या दारानं हॉलमध्ये आली. अक्कानं घागरीला निवद दाखवला, हात जोडले, आणि आज पितरांची नावं तिनं फारच सावकाश घेतली, म्हणजे मागं सगळं आटोपलेलं असावं. प्रसादाचा रस सगळ्यांच्या हातावर पडला. भूषणनं रागातच चाटला आणि रागातच परत हात पुढं केला.

"गार शे," तो म्हणाला. "भलता गार शे."

मग घागर हलली, दार उघडलं, ट्रॉलीवाल्या तीन गड्यांनी पेटी हॉलमध्ये आणली. नीलेश पुढं आला. भूषणनं काचेचं झाकण वर केलं.

आंब्याचा वास हॉलभर पसरला. गार, गोड, केशरी वास. नीलेशनं नाक वर केलं.

"सेंट आहे," पुखराजशेठ म्हणाले. "कंपनीच मारून देते. नवीन मॉडेल आहे."

भूषणनं पेटीत बोट फिरवलं. बोटाला पिवळा थेंब लागला. त्यानं थेंबाकडं बघितलं, आपल्या तळहाताकडं बघितलं, मग सारिकाकडं. तो तिला दंडाला धरून खिडकीपाशी घेऊन गेला.

"ताई," तो कुजबुजला, आणि आता तो अजिबात चिडलेला नव्हता. "मी काहीच पाह्यलं नही. तू फक्त म्हन, 'माझं नाव मागं घेते.' एवढंच. मांडवात बाया हासत जेवून राह्यल्या, त्यांना कशाला सांगायचं? आबांची अब्रू पन राहील."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला आबा बसले होते. ते आपल्या मुलीकडं बघत होते आणि त्यांना काहीतरी कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. एक वाक्य बोललं की सगळं जागेवर बसणार होतं. सारिकानं नीलेशकडं बघितलं. तो पेटीच्या गार स्टीलवर तळवा ठेवून उभा होता, आपल्या माणसाला त्यात कसं ठेवायचं, हा विचार करत.

या पोराला 'कंपनीचा सेंट' सांगायचं?

"नीलेश," ती मोठ्यानं म्हणाली. "तो सेंट नाही. पेटी कोरी आहे, अजून कोणीच ठेवलेलं नाही. पण काल लाईट गेली म्हणून मी त्यात आमरस ठेवला होता. मी. मी ती धुऊन देते. तुला नको वाटत असेल तर तसं सांग."

अक्कानं डोळे मिटले. शेठ खुर्चीवर बसले, खुर्ची नव्हती तरी.

नीलेशनं पेटीवरचा तळवा उचलून बघितला. मग म्हणाला, "ताई, पेटी गार व्हस ना?"

"होते. रात्रभर चालली."

"मंग रस ठेवा का दूध ठेवा, माले काय करनं शे? मन्हा मोठा बाबा उन्हात शे." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "धुई द्या. मी पुढं जास, घरमा जागा करस. तुम्ही ट्रॅक्टर लई या, लवकर." आणि मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"बस, आता मांडवात सांगतो!" भूषण ओरडला. "मयताच्या पेटीतला रस पाजला माहेरवाशिनींना! पाहू कोन जेवतं ते!"

"सांग की," दारातून आवाज आला. दिपमाला उभी होती, हातात रिकामी बादली, कपाळाला पिवळा डाग. "आधी मला सांगा, रस अजून शे का? पहिली पंगत उठायला तयार नही. आन् मी ऐकलं सगळं. मी तीन वाट्या प्याले. काय व्हयनं मला? तुम्ही पन दोनदा चाटला, मी पाह्यलं खिडकीतून." तिनं बादली खाली ठेवली. "आन् ते ट्रस्टीचं. माझं नाव टाकायच्या आधी मला विचारायचं व्हतं. मयतासोबत रातचं ट्रॅक्टरवर बसून मी जानार नही. मला भ्या वाटतं."

भूषणच्या खिशातले दोन्ही मोबाईल एकदम वाजले आणि त्यानं एकही उचलला नाही.

आता सगळे आबांकडं बघत होते. आबा उठले. काठी टेकत पेटीपाशी आले, आत हात घातला, थंडावा बघितला.

"माले का नही विचारं?" त्यांनी सारिकाला विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हंतू," आबा म्हणाले. "आन् रस बी आंबता." त्यांनी हात पुसला. मग खाकरून, सभेचा आवाज लावून ते म्हणाले, "ही पेटी येवाले आठ दिवस व्हयनात. आम्ही फीत आणी, हार आणा, फोटोवाला सांगा. पन ती चालस का नही, हाई एकबी विश्वस्तनी पाह्यं नही. बंद निघती त आज पलीकडना गावमा मन्ह तोंड काळं व्हतं. रातभर चालवीसन तपासनारी एकच निघनी." ते थांबले. पुढचं वाक्य सगळ्यात जड होतं आणि ते त्यांनी मुलीकडं न बघता, खरबुजाकडं बघत काढलं. "मन्ही आंडेर शे ती. नाव लिखा."

शेठांचा हात आधीच वर होता. अक्काचा त्याच्याही आधी. भूषणनं हात वर केला नाही, पण कपाळाचा घाम पुसायला उचलला, तो आबांनी मोजला.

"एकमतानं," आबा म्हणाले. "चला, पेटी धुवा!"

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आखाजीला सासरवाडीला गेला होता, म्हणून ट्रॅक्टर भूषणनं काढला. पेटीसोबत विश्वस्त जायचा रिवाज, म्हणून सारिका त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसली. मागं ट्रॉलीत धुतलेली पेटी, जनरेटर आणि तिघं गडी. रस्ताभर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पलीकडच्या गावात शिरताना सारिकाला वाटलं, घर भूषणला ठाऊक असणार, तो सचिव आहे. भूषणला वाटलं, घर ताईनं नीलेशला विचारून घेतलं असणार, ती आता विश्वस्त आहे. दोघांनीही विचारलं नाही.

एका घरापुढं बायामाणसांची गर्दी दिसली, तिथं ट्रॅक्टर थांबला. ओट्यावर खाटेवर एक म्हातारा पडलेला होता, अंगावर पांढरी चादर. भूषण आणि तिघा गड्यांनी पेटी उतरवली, जनरेटर सुरू केला, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हाताऱ्याला उचलून पेटीत ठेवलं.

घर दुसरंच होतं, गर्दी आखाजीच्या झोक्याची होती, आणि म्हातारा जेवून झोपला होता.